साठ जुड्या लव्हाळ्याच्या

"आजोबा, तुम्ही संडासला कधी जाता?"

हा प्रश्न माझा नाही. तो बेबेथच्या डोक्यातून निघाला, जोनाफेने त्याला 'हिंमत असेल तर विचार' असं शेपूट लावलं आणि साखरेत तळलेल्या केळ्यांची एक काडी पैजेवर लागली, तेव्हा कुठे माझ्या बोटांनी तो टाइप केला. सोमवारची संध्याकाळ होती, सहाला दहा कमी, आणि आम्ही तिघी बोयेतदादाच्या, म्हणजे आमच्या भाषेत नोंग बोयेतच्या, दुकानात नाणं टाकून चालणाऱ्या कॉम्प्युटरांपुढे खांद्याला खांदा लावून बसलो होतो. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही घोगरी व्हायचे. यंदा मला शोध लागला की तोंड उघडल्याने छप्पर पडत नाही. तेव्हापासून मी ते बरंच उघडते.

ज्यांना प्रश्न विचारला ते 'सात बेटं' या खेळातले मगर७७ नावाचे खेळाडू. खरं नाव कोणालाच माहीत नाही. आम्ही त्यांना मगरआजोबा म्हणायचो आणि त्यांनी आमचा जीव नकोसा केला होता.

त्याचं असं आहे की 'सात बेटं'मध्ये दक्षिणेच्या बेटांवर जायला नाव लागते. ती विकत मिळत नाही. नावाड्यांच्या वस्तीत तुमची पत असावी लागते. सुरुवातीला तुम्ही 'परके' असता, मग 'ओळखीचे' होता, मग 'विश्वासाचे' आणि सगळ्यात शेवटी 'घरचे'. नाव मिळते ती फक्त घरच्यांना. पत वाढवायची तर नावाड्यांना लव्हाळ्याच्या जुड्या नेऊन द्यायच्या, त्याही स्वतः कापलेल्या. दुसऱ्याची जुडी त्यांना बरोबर ओळखू येते. आणि लव्हाळे उगवतात एकाच ठिकाणी, बगळ्यांच्या पाणथळीत. तिथे मगरआजोबा सदैव हजर. कोंबाने जरा डोकं वर काढलं की कचकन कापला. आम्ही शाळा सुटल्यावर धापा टाकत पोचायचो आणि समोर नुसता चिखल.

एरवी आम्ही म्हटलं असतं, मरू दे, पुढच्या महिन्यात बघू. पण जोनाफेकडे पुढचा महिना नव्हता. तिची आई कॅनडात विनिपेगला नर्स आहे. सहा वर्षं खेटे घालून कागद झाले होते आणि शनिवारी पहाटेच्या बसने जोनाफे निघणार होती. दक्षिणेची बेटं तिघींनी एका नावेतून बघायची असं आम्ही सातवीत ठरवलं होतं. शनिवारच्या आत पाच संध्याकाळी उरल्या होत्या.

उत्तर आलं. "मुली. मोठ्यांशी असं बोलतात का. घरी कोणी वळण लावलं नाही वाटतं. लाज बाळग."

"चार पूर्णविराम," बेबेथ म्हणाली. "शंभर टक्के म्हातारा."

"उत्तर मात्र दिलं नाही," जोनाफे म्हणाली. "म्हणजे जातच नसतील."

दोघी हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. माझे कान मात्र तापले. दाखवलं नाही, पण तापले. तेवढ्यात घंटा झाली.

चर्चची सहाची घंटा झाली की आमच्या गावात सगळं जागच्या जागी थांबतं. तीनचाक्या थांबतात, मासेवालीचा सुरा हवेत थांबतो, नोंग बोयेत हिशेबाची वही बंद करून उभा राहतो आणि डोळे मिटतो. आम्हीही उभ्या राहिलो. मी एक डोळा किलकिला केला, सहज, वाईट हेतू काही नव्हता. पडद्यावर मगर७७ सुद्धा उभे होते. हातात विळा, समोर टरारून आलेला कोंब, आणि आजोबा ढिम्म.

"जोनाफे," मी ओठ न हलवता म्हणाले, "मगर बघ."

जोनाफेने आधी मगर बघितली आणि मग मनगटावरचं घड्याळ. प्रार्थना संपल्याबरोबर तिने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. "सहा वाजून चार मिनिटं! अगं, अख्ख्या देशात घंटा सहाला होते. सहा-चारला ती फक्त आपल्याकडे होते, कारण नोंग पिलोची बदकं आत आल्याशिवाय तो मनोऱ्यावर चढत नाही. मगरीने नोंग पिलोची घंटा ऐकली. मगर आपल्या गावात राहते!"

आम्ही तिघींनी एकदम मागे वळून दुकानभर पाहिलं. मागे नोंग बोयेत नाक खाजवत होता. तो नक्कीच नव्हता. त्याला स्वतःच्या दुकानातला पंखा चालू करता येत नाही.

बेबेथ त्याची पुतणी, दुकानाच्या मागेच राहते. ती त्या संध्याकाळी बसून राहिली आणि मंगळवारी शाळेत तिने अहवाल दिला. मगर सहा-चारला थिजली ती सहा-पस्तीसला हलली. रोजच्या प्रार्थनेला तर दोन मिनिटं लागतात. पण ऑक्टोबर चालू होता, जपमाळेचा महिना. घंटेनंतर मरियामातेची मूर्ती दर दिवशी एकेका घरी नेतात आणि तिथे बसून माळ म्हणतात, मण्यामण्याला एक प्रार्थना. अर्धा तास सहज.

"म्हणजे मगर भाविक आहे," बेबेथ म्हणाली.

"म्हणजे अर्धा तास पाणथळ रिकामी आहे," जोनाफे म्हणाली. ती गणितात पहिली येते, ते उगाच नाही.

प्रश्न एकच होता, माझी आई. नानायला मी घंटेच्या आधी घरात हवी असते. सोमवारी मी सहा-दहाला पोचले तेव्हा ती दारातच उभी होती. "घंटा कुठे ऐकलीस, इंदाय? रस्त्यात? कुत्र्यांबरोबर?" इंदाय म्हणजे पोरी, लाडातही आणि रागातही. आता उरलेले चारही दिवस घंटेनंतर अर्धा तास मला दुकानात बसायचं होतं. मंगळवारी शाळेचा गणवेश बदलायला मी घरी आले, नानाय अंगणात सुके मासे टोपलीत भरत होती, आणि माझ्या तोंडातून वाक्य निघून गेलं. अडवायला वेळच मिळाला नाही.

"नानाय, मी आजपासून माळेच्या प्रार्थनेला जाणार आहे."

नानायच्या हातातला मासा खाली पडला. "कोण, तू?"

"मुलांचा वेगळा गट आहे. नोंग बोयेतच्या गल्लीत."

मला वाटलं होतं, ती 'बरं' म्हणेल. मुलांनी खोटं बोलल्यावर आयांनी नुसतं बरं म्हणायला काय हरकत आहे? पण नानायने खारे हात झग्याला पुसले, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिचे डोळे भरून आले. मासळीचा वास आणि आईचे अश्रू एकदम अंगावर आल्यावर कोणाचाही धीर सुटेल. माझा सुटला नाही. मी सव्वापाचला दुकानात होते.

आम्ही कामाची आखणी केली. मगर थिजली की जोनाफेने पाण्याच्या कडेने कापत जायचं, बेबेथने मधून, मी पलीकडून. तोडलेला कोंब दोन मिनिटांनी पुन्हा उगवतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक तयार. जोनाफे जाणार म्हणून तिची पत आधी पूर्ण करायची, मग बेबेथची, मग माझी. मंगळवारी विळे नुसते खणखणत होते. बुधवारी जोनाफे नावाड्यांच्या घरची झाली. पडद्यावरच्या म्हाताऱ्या नावाड्याने तिला 'ये गं, भात वाढलाय' म्हटलं आणि आम्ही इतकं ओरडलो की नोंग बोयेतने आमच्यावर झाडू उगारला.

पण इकडे माझं खोटंही रोज वाढत होतं. बुधवारी नानायने बाजारात सांगितलं की आमची रिझालिन माळेला जाते. तिच्या शेजारच्या भाजीवालीने विचारलं, नुसती जाते का काही म्हणते पण? नानाय म्हणाली, म्हणते तर, पुढे उभी राहून म्हणते. माझा बाप, ताताय, तीनचाकी चालवतो. त्याने ते संध्याकाळपर्यंत बसस्टँडपासून धक्क्यापर्यंतच्या सगळ्या सवाऱ्यांना ऐकवलं, आणि त्याच्या तोंडी मी गटाची पुढारी झाले. गुरुवारी शाळेत आमच्या बाईंनी मला वाटेत थांबवून सांगितलं, "माझ्या मोठ्या बहिणीच्या गुडघ्यासाठी पण म्हण हं, बाळा." मी 'हो' म्हणाले. गुडघ्याला नाही कसं म्हणणार?

गुरुवारी रात्री जेवताना नानाय स्वतःशीच हसत होती.

"काय गं?"

"काही नाही. उद्या तुझ्यासाठी एक गंमत आहे."

"कसली?"

"सांगितली तर गंमत कसली? मानांग कोन्सोर्सिया भेटल्या होत्या बाजारात. बस, एवढंच."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. मानांग म्हणजे खरं तर मोठी बहीण. पण सत्तरी उलटली तरी मानांग कोन्सोर्सियांना आजी म्हणायची कोणाची छाती नाही, म्हणून त्या सगळ्या गावाच्या मानांग. गावातल्या माळेच्या सगळ्या गटांच्या त्या मुख्य. आमच्या पिढीतला प्रत्येक जण त्यांच्याकडे प्रार्थना शिकला आणि प्रत्येकाने निदान एकदा त्यांच्या पंख्याचा दांडा डोक्यावर खाल्ला. कुठल्या गल्लीत कुठला गट आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. आणि कुठला नाही, तेही.

रात्रभर मला पंख्याचा दांडा दिसत होता.

शुक्रवार उजाडला. बेबेथची पत आदल्या दिवशीच पूर्ण झाली होती. माझ्या सत्तर जुड्या उरल्या होत्या. जोनाफेचे केस कापलेले होते, तिकडे थंडी असते म्हणून घेतलेलं जाड जाकीट तिने दुकानात घालून आणलं होतं आणि ती घामाने निथळत होती.

"काढ ना ते," बेबेथ म्हणाली.

"सवय करतेय," जोनाफे म्हणाली आणि तिने पडद्याकडे तोंड फिरवलं.

सहाला पाच कमी असताना मगर थिजली.

"घंटा कुठे झालीय अजून?" मी म्हणाले.

"सापळा असेल," बेबेथ म्हणाली. "आपण कापायला गेलो की मागून येईल."

आम्ही दोन मिनिटं बघत राहिलो. मगर हलेना. मग मी सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. साठ उरल्या. आणि तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गाणं ऐकू आलं. बायकांचं, लांबलचक, सुरात नसलेलं. मरियामातेचं गाणं.

नोंग बोयेत दारात गेला आणि गेला तसाच परत आला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा. "मूर्ती येतेय! इथे! माझ्या दुकानात! बंदुका बंद करा, सगळ्यांनी बंदुका बंद करा!" बाकीच्या पडद्यांवर धडाधड गोळीबार चालला होता तो एकेक करून थांबला. एकाने घाईत तार खेचली तर पंखाच बंद पडला.

मिरवणूक आत शिरली. आधी मेणबत्त्या, मग मूर्ती धरलेल्या दोन बायका, मग बाजारातली भाजीवाली, आमच्या बाई, त्यांची बहीण तिच्या गुडघ्यासकट, तीनचाकी बाहेर लावून आलेला ताताय, रविवारचा सदरा घालून. आणि सगळ्यांच्या पुढे नानाय. तिने ओठांना लाली लावली होती. ती ख्रिसमसलाच लावते.

"ही बघा माझी इंदाय," ती म्हणाली. "आणि हा तिचा गट."

गट म्हणजे घाम गळणारी जोनाफे, टेबलाखाली जायच्या बेतात असलेली बेबेथ आणि बंदुका लपवणारे चार जण.

मागून मानांग कोन्सोर्सिया आल्या. पांढरा झगा, हातात पंखा. त्यांनी दुकान पाहिलं, गट पाहिला, मला पाहिलं. आयुष्यात मला कोणी इतकं सावकाश पाहिलं नव्हतं.

"वा," त्या म्हणाल्या. "मूर्ती कुठे ठेवता रोज?"

"तिथे," मी बोट दाखवलं. बोट कुठे गेलं ते मलाही नंतर कळलं. माझ्याच कॉम्प्युटरच्या वर भिंतीत एक फळी होती. नोंग बोयेतने तिच्यावरचे सरबताचे डबे बाजूला केले, मूर्ती फळीवर बसली, आणि मूर्तीकडे तोंड म्हणजे माझ्या पडद्याकडे तोंड, अशी सगळ्या गावाने रांग धरली.

घंटा झाली. बदकं आत गेली असणार.

"सुरू कर, इंदाय," मानांग म्हणाल्या, आपली माळ माझ्या डाव्या हातात ठेवली आणि अगदी माझ्या कोपराशी येऊन उभ्या राहिल्या. "रोज सांगतेस तशी."

माझ्या मागे तीस माणसं, समोर मरियामाता आणि तिच्या पायाशी, पडद्यावरच्या चिखलात, विळा घेऊन उभी असलेली मी. खिडकीबाहेर अंधार पडत होता आणि अर्ध्या तासाने मगर परत येणार होती. जोनाफे माझ्या डावीकडे, हात जोडून. तिने हळूच म्हटलं, "राहू दे, रिझ. माझी झालीय ना. तेवढं पुरे."

पुरे काय? एका नावेत दोघी बसणार आणि तिसरी काठावरून हात हलवणार? हात हलवायचा प्रसंग शनिवारी पहाटे येणारच होता. दोन दोनदा कशाला?

मी उजवा हात माउसवर ठेवला आणि तोंड उघडलं. पहिला शब्द उंदरासारखा निघाला. दुसरा मांजरासारखा. तिसऱ्या शब्दाला माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला आणि मला तो ओळखीचा वाटेना, इतका चांगला होता.

माळेचं एक बरं असतं. प्रत्येक 'नमो मरिये'चा पहिला अर्धा पुढच्याने म्हणायचा, उरलेला अर्धा सगळ्यांनी. दहाचा एक फेरा, असे पाच फेरे, आणि सुरुवातीला तीन वेगळ्या. पहिल्याच फेऱ्यात माझ्या लक्षात आलं की माझ्या अर्ध्यात कोंब बरोबर कापून होतो आणि लोकांच्या अर्ध्यात पुढच्या कोंबापर्यंत चालून होतं. एक मरिया, एक जुडी. चार दिवस आम्ही धावपळ करून जे जमवत होतो ते आता ठेक्यात होत होतं, एक पाऊल वाया जात नव्हतं. दहा जुड्या, एक फेरा. मी देवाची क्षमा मागितली आणि वेगही तोच ठेवला.

तिसऱ्या फेऱ्याच्या मध्यावर कॉम्प्युटर कोकलला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लाल झाले. वीस सेकंद उरले होते, नाणं संपत आलं होतं. माझी नाणी स्कर्टच्या डाव्या खिशात आणि डाव्या हातात माळ. जोनाफेकडे कॅनडाचे पैसे. बेबेथने खिसे उलटे केले, त्यातून केळ्याची काडी निघाली. नोंग बोयेत डोळे घट्ट मिटून घामाघूम प्रार्थना करत होता, बहुधा त्या लाल आकड्यांसाठीच. दहा सेकंद. नाणं नाही पडलं तर खेळ बंद होणार, आणि पुन्हा आत शिरायला पाच मिनिटं लागतात.

माझ्या कोपराजवळून एक सुरकुतलेला हात आला. लोकांच्या अर्ध्यातला एकही शब्द न चुकवता मानांगनी झग्याच्या खिशातून एक नाणं काढलं आणि टेबलाखालच्या डब्यात टाकलं. त्या हाताला फट शोधावी लागली नाही.

आकडे हिरवे झाले. मी इतकी चकित झाले की एक कोंब कापायचा राहिला.

पाचवा फेरा संपला तेव्हा माझ्या आठ जुड्या उरल्या होत्या. मागे लोक खोकायला लागले, कोणीतरी गुडघा चोळला, भाजीवालीने मेणबत्ती विझवायला गाल फुगवले. माझा हात घामाने माउसवरून घसरत होता. डावीकडे नुसता चिखल.

"उजवीकडचे आधी," माझ्या कानाशी आवाज आला. "डावीकडचे दोन मिनिटं येत नाहीत, माहीत नाही?"

मी मान वळवली. मानांग मूर्तीकडेच बघत होत्या, पंखा हलत होता.

"तुम्हाला कसं..." मी म्हणाले आणि मग पडद्यावरच्या मगरीकडे पाहिलं. आज घंटेच्या आधीच थिजलेल्या मगरीकडे. कारण मिरवणूक घेऊन वेळेवर निघायचं होतं. "अरे देवा. आजोबा!"

"आजोबा कोण?" मानांग ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाल्या. "आणि संडासचा तो प्रश्न तूच विचारलास. आवाजावरून नाही, आगाऊपणावरून ओळखलं. आता मी विचारते. आईशी खोटं बोललीस?"

"हो."

"तिला मी सांगू की तू?"

"मी."

"कधी?"

"आठ जुड्या झाल्या की."

मानांगचा पंखा थांबला. मला वाटलं, आला दांडा. त्या जोनाफेकडे बघत होत्या, जाड जाकिटातल्या. "ही त्या नर्सची ना? उद्या निघणारी?"

"हो. नाव तिघींना हवी होती. एकत्र."

"एवढे लव्हाळे तुम्हाला कशाला करायचेत म्हणून मी चार दिवस डोकं खाजवतेय," मानांग पुटपुटल्या. "रोज परत येऊन बघते तर पाणथळ भादरलेली. माझा नातू दोहाला असतो. फोनवर आजीशी नुसतं 'हो लोला, जेवलो लोला', संपलं. खेळात मात्र तास तास बोलतो. तो चटया विणतो, मी लव्हाळे कापते. काय करू, माझ्याकडे दुसरं काही त्याला लागत नाही आता." मग त्या लोकांकडे वळल्या आणि आवाज चढवला. "थांबा! कोणी मेणबत्ती विझवायची नाही. आणखी एक फेरा म्हणायचाय. प्रवासाला निघालेल्यांसाठी."

"आणखी दहा?" बाईंची बहीण कळवळली.

"तुझा गुडघा दुखत असेल तर दहा तुझ्यासाठी पण. इंदाय, चल."

मी चालले. पहिली मरिया, पहिली जुडी. दुसरी, दुसरी. उजवीकडचे कोंब पाचच होते, ते सहावीच्या आत संपले. सहावीला समोर चिखल. सातवीला चिखल. मागचे लोक मनापासून म्हणत होते, नानायचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि मी चिखलाकडे टक लावून 'उगव ना रे, उगव ना' असं मनात म्हणत तोंडाने प्रार्थना म्हणत होते. आठवीला डावीकडे एक हिरवं टोक आलं. कापलं. नववीला दुसरं. दहावी मी जितकी लांबवता येईल तितकी लांबवली. एकेक अक्षर ओढलं. मागे कोणीतरी म्हणालं, "किती भावपूर्ण म्हणते पोर!" आणि शेवटच्या शब्दाला शेवटचा कोंब वर आला.

पडद्यावर मी नावाड्यांच्या वस्तीकडे पळत सुटले. म्हाताऱ्या नावाड्याने जुड्या मोजल्या. "ये गं," तो म्हणाला, "भात वाढलाय."

बेबेथने मला चिमटा काढला. जोनाफेने जाकिटाच्या बाहीत तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. नानाय लगबगीने पुढे आली आणि तिने तिला पोटाशी धरलं. "देवाचं नाव असंच हलवतं गं माणसाला," ती भाजीवालीला म्हणाली.

लोक पांगले. मूर्ती पुढच्या घरी गेली. मग आम्ही तिघी नावेत बसलो आणि वल्ही मारत दक्षिणेला गेलो. बेटं खरं सांगायचं तर ठीकठाकच होती. दोन बघून झाली, त्यातल्या एकावर नुसत्या बकऱ्या. पण जोनाफेने प्रत्येक बकरीला नाव ठेवलं, आणि परत फिरायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "उरलेली पाच नंतर बघू."

"नंतर कधी?" मी विचारलं. "तू तिकडे, मी इथे."

तिने बोटांवर तास मोजले. गणितात पहिली ना ती. मग तिने मला एक वेळ सांगितली, आणि मी ती तळहातावर लिहून घेतली.

घरी पोचले तर नानायने कोंबडीचा रस्सा केला होता, शुक्रवारी आमच्यात मांस टाळतात तरी. ताताय अजून रविवारच्या सदऱ्यातच होता. "मानांग काय म्हणाल्या माहितीये?" नानाय माझं ताट वाढत म्हणाली. "महिन्याच्या शेवटच्या दिवशी चौकात सगळ्या गावाची माळ असते ना, तिथे पुढे कोण उभं राहणार ते तुझी मुलगी स्वतः तुला सांगेल, म्हणाल्या. काय गं ते? कोण उभं राहणार?"

"आधी ताट खाली ठेव, नानाय. तू पण बस, ताताय."

"बाप रे," ताताय म्हणाला. "बसा म्हणतेय. नापास झाली."

"नापास नाही. मी खोटं बोलले. मुलांचा गट वगैरे काही नाहीच. मंगळवारपासून मी नोंग बोयेतकडे खेळत होते. आज पण मी प्रार्थनेला गेले नव्हते, प्रार्थनाच दुकानात आली."

नानाय सावकाश खाली वाकली आणि तिने पायातली सपात काढली.

"बाजारात," ती म्हणाली. "अख्ख्या बाजारात मी सांगितलं!"

"माझ्या सवाऱ्या," ताताय म्हणाला. "तीन दिवसांच्या सवाऱ्या!"

"हो, आणि म्हणूनच मी ठरवलंय." मी उभी राहिले. उभं राहिलं की माझा आवाज चांगला लागतो, हे मला आजच कळलं होतं. "तू सगळ्यांना जे सांगितलंस ते आता मी खरं करणार. उद्यापासून सहाच्या घंटेला मी माळेला जाणार आणि पुढे मीच उभी राहणार, चौकात पण मीच. आणि माळ संपली की रोज अर्धा तास मी दुकानात जाणार, जोनाफेला भेटायला. तिच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील आणि ती माझ्यासाठी उठून बसलेली असेल. तेव्हा मारायचं असेल तर आत्ताच मार, नानाय, उद्यापासून संध्याकाळी मला वेळ नाही."